पोटावरचा व्रण आणि पिशवीवरचा व्रण

ती दवाखान्यात आली होती खोकल्यासाठी. जूनचा दुसरा आठवडा, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. घसा तपासून झाल्यावर सवयीने मी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि खोकला बाजूलाच राहिला. पापणी आतून कागदासारखी पांढरी, नखंही तशीच. जिना चढताना धाप लागते का, विचारलं. "वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, डॉक्टर. मधल्या पायरीवर पिशवीत काहीतरी शोधायचं निमित्त करून उभी राहते."

हिमोग्लोबिन आलं ७.१.

वय ३४. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात सासर, तिथल्याच मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला पाच वर्षं झालेली, एकदा दिवस गेले होते ते दहाव्या आठवड्यात पडले. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हणून फोंड्यात माझ्याकडे येणं-जाणं सोयीचं. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून हे लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन ९ होतं, तेव्हा मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि पाळी नियमित आहे का, एवढंच विचारलं होतं. नियमित होतीच. किती जातं, हे मी विचारलं नाही. या खेपेला विचारलं तेव्हा कळलं की पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री दोन पॅड आणि वर कापड, आणि आवळ्याएवढ्या गाठी पडतात. वर्गातल्या खुर्चीवर ती काळी ओढणी घडी करून ठेवायची. हे सगळं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आईलाही असंच जायचं आणि बायकांना जातंच, असं तिच्या मनात पक्कं होतं. अंगावरून किती जातं हे आकड्यात विचारायचं असतं, दिवसाला किती पॅड आणि रात्री उठावं लागतं का. त्यानंतर मी प्रत्येक बाईला तसंच विचारते.

सोनोग्राफीत गर्भाशय चार महिन्यांच्या गरोदरपणाएवढं वाढलेलं दिसलं. फायब्रॉइडच्या तीन गाठी, सगळ्यात मोठी ८.६ सेंटिमीटरची, मागच्या भिंतीत. कंबर भरून येणं आणि जुनाट बद्धकोष्ठ यांचाही उलगडा झाला, कारण मागची गाठ गुदाशयावर दाबत होती.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ. कॅन्सर नव्हे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांवर ती पोसते आणि पाळी गेल्यावर सहसा आक्रसते. गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे बसली आहे, याने बरंच काही ठरतं. आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ बाईला रक्तहीन करून सोडते आणि बाहेरच्या अंगाला लटकलेली मोठी गाठ वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने गाठींना जागेप्रमाणे ० ते ८ असे क्रमांक दिले आहेत: ०, १, २ पोकळीत शिरलेल्या, ३ आणि ४ भिंतीत रुतलेल्या, ५, ६, ७ बाहेरच्या अंगाला. रिपोर्टवर हा क्रमांक नसेल तर तो मागून घ्यावा.

दहा मिनिटांत मिळालेली तारीख

माझ्या चिठ्ठीची वाट न बघता घरच्यांनी तिला एका खाजगी रुग्णालयात नेलं. तिथल्या सर्जननी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि दहा मिनिटांत पुढच्या आठवड्याची तारीख दिली. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर तीन-चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. हिमोग्लोबिन ७.१ आहे, त्याचं काय? "दोन बाटल्या रक्त चढवू." मूल हवं आहे का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

ती मात्र खूश होती, आणि त्याला कारण तिची नणंद. आदल्या वर्षी नणंदेची अशीच गाठ दुर्बिणीने काढलेली. दुसऱ्या दिवशी घरी, बाराव्या दिवशी शिलाईच्या मशीनवर, आणि महिन्याभरात आलेल्या गणेशचवथीला स्टुलावर चढून माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला, सुपाऱ्यांचे घोस बांधत होती. घरात एकच वाक्य फिरत होतं: तिला झालं तसंच हिला.

नणंदेचे कागद मी मागवून घेतले. एकच गाठ, सहा सेंटिमीटरची, समोरच्या भिंतीवर, अर्ध्याहून अधिक बाहेर. म्हणजे क्रमांक ६. मुलं दोन, आणखी नकोत. फणस जसा खोडाला बाहेरून लागलेला असतो, तशी ती गाठ होती. देठाशी कापायचा आणि खोडाचा ओरखडा बुजवायचा. माझ्या पेशंटची गाठ फणसासारखी बाहेर नव्हती, ती लाकडाच्या आतली गाठ होती. ती काढायची तर खोडच चिरावं लागतं आणि नंतर ते असं सांधावं लागतं की पुढे त्यावर भार आला तरी उकलू नये. नऊ महिन्यांचं गरोदरपण हा तो भार.

दुर्बिणीचं ऑपरेशन आणि पोट उघडून केलेलं, या दोन्ही पद्धतींची तुलना करताना लोक पोटाच्या कातडीकडे बघतात. भोकं की चीर, टाके किती, निशाण दिसेल का. बाईला मूल हवं असेल तर त्याहून मोठा प्रश्न आतल्या व्रणाचा असतो. गाठ भिंतीत खोल असेल तर गर्भाशयावरची चीर दोन्ही पद्धतींत तेवढीच लांब आणि तेवढीच खोल पडते. दुर्बीण पोटावरची चीर लहान करते, गर्भाशयावरची करत नाही.

दुर्बिणीच्या बाजूने जे खरं आहे ते

याचा अर्थ दुर्बीण वाईट, असा कुणी घेऊ नये. नणंदेसाठी तीच योग्य होती आणि मी तिला आनंदाने पाठवलं असतं. बेंबीतून दहा मिलिमीटरचा कॅमेरा, बाजूने पाच-पाच मिलिमीटरची दोन-तीन भोकं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची आणि टेबल डोक्याकडे उतरतं ठेवायचं म्हणजे आतडी वर सरकतात. पडद्यावर सगळं मोठं आणि लख्ख दिसतं. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, कारण उरलेला गॅस श्वासपटलाला टोचतो आणि ती कळ खांद्यात उमटते. हे आधी सांगितलं नाही तर बाई हार्ट अटॅक समजून घाबरते.

२०१४ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, या विषयावरचे ९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ८०८ बायका होत्या. कमी छेदाच्या पद्धतीत पहिल्या दोन दिवसांचं दुखणं कमी, ताप कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी. गाठी पुन्हा होण्यात फरक आढळला नाही. मात्र त्यांतल्या बहुतेक अभ्यासांत गाठी किती आणि केवढ्या असाव्यात यावर मुळातच मर्यादा घातलेली होती. तो निष्कर्ष गाठींनी गच्च भरलेल्या पिशवीला जसाच्या तसा लावता येत नाही. ही पद्धत रुजवणाऱ्यांतले एक, जर्मनीतल्या कील शहराचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम. त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी अशी ऑपरेशनं केली तेव्हाही सुरुवात बाहेरच्या अंगाच्या गाठींपासूनच झाली होती. पुढे साधनं सुधारली, काटेरी दोरा आला, ज्याला गाठ मारावी लागत नाही आणि ओढला की जागीच धरतो, आणि भिंतीतल्या खोल गाठीही निष्णात हातांना जमू लागल्या. पण हात निष्णात हवेत. दुर्बिणीतून स्नायू थराथराने शिवणं हे या शाखेतलं सगळ्यात अवघड शिवणकाम आहे. ते जमलं नाही की रक्त थांबवायला विजेचा चटका जास्त वापरला जातो आणि चटक्याने भाजलेला स्नायू नीट सांधत नाही. अशा ऑपरेशननंतर गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचं प्रमाण शेकड्याला एकाच्याही खाली आहे, म्हणजे कमीच. पण फाटलं तर काही मिनिटांत दोन जीव पणाला लागतात, आणि सत्तरीतल्या गावातून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचायला काही मिनिटं पुरत नाहीत.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कधी सांगितली जात नाही. नऊ सेंटिमीटरची गाठ भोकातून बाहेर येते कशी? तिचे आत तुकडे करावे लागतात. त्यासाठी मॉर्सेलेटर नावाचं फिरतं पातं वापरतात. गाठ म्हणून काढलेल्यात क्वचित सार्कोमा, म्हणजे कॅन्सर लपलेला असतो आणि पात्याने तो पोटभर पसरू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये याविरुद्ध इशारा दिला, तेव्हा त्यांचा अंदाज होता साधारण ३५० बायकांत एक. हा आकडा फुगवलेला आहे, असं अनेक तज्ज्ञांचं मत पडलं, आणि चौतिशीतल्या बाईला धोका आणखी कमीच असतो. तरीही गाठ आधी पोटातच एका थैलीत बंद करून मगच तुकडे करणार का, हे सर्जनला विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

दुसरं मत

मी तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ सर्जनबाईंकडे पाठवलं. आठवड्यातली बहुतेक ऑपरेशनं त्या दुर्बिणीनेच करतात आणि मी मुद्दामच अशा हातांकडे पाठवलं. ज्यांना दुर्बीण येतच नाही, त्यांनी पोट उघडा म्हटलं तर तो सल्ला म्हणता येत नाही. त्यांनी आधी पणजीहून एमआरआय करून आणायला सांगितला.

एमआरआयमध्ये तीनच्या आठ झाल्या. मोठी गाठ मागच्या भिंतीची पूर्ण जाडी व्यापून, आत अस्तरापाशी आणि बाहेर आवरणापाशी भिडलेली. एक दोन सेंटिमीटरची पोकळीत डोकावणारी, बहुधा रक्तस्रावाची खरी मालकीण तीच. बाकीच्या सहा भिंतीत विखुरलेल्या.

मी सोबत गेले होते. सर्जनबाईंनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, पेनाने आठ जागा दाखवल्या आणि म्हणाल्या, "मला हे दुर्बिणीने येतं. पण मी तुझं पोट उघडेन. सांगते का." एक, मागच्या भिंतीची पूर्ण जाडीची चीर तीन थरांत शिवायची आहे, तिथे त्यांना स्वतःची बोटं हवी होती. दोन, एमआरआयलाही न दिसलेल्या बारीक गाठी बोटांना लागतात, कॅमेऱ्याला लागत नाहीत. "मी उपकरणाने चाचपते तेव्हा काठीने भात चाचपल्यासारखं असतं. शीत शिजलंय की नाही ते बोटांनाच कळतं." तीन, इतक्या चिरा घेताना वेळ लांबला तर रक्त जातं आणि तिच्याकडे गमवायला रक्त नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. पोटावरच्या रेघेचं दुःख नव्हतं ते, हे मला परत येताना बसमध्ये कळलं. सहा आठवडे रजा, चौथीचा वर्ग अर्धवट, आणि नणंदेपेक्षा आपलंच काहीतरी जास्त बिघडलेलं आहे ही भावना. बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली होती, तेवढ्या वेळात मी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर फणस आणि लाकडातली गाठ काढून दाखवली. ती बराच वेळ ते पान बघत राहिली. मग म्हणाली, "हे पान मी घरी दाखवते."

घरी सासूबाईंचं मत वेगळंच पडलं होतं. एवढं पोट उघडायचंच आहे तर पिशवीच काढून टाका, कटकट संपेल. त्यांच्या पिढीत कितीतरी जणींना हाच एक उपाय सांगितला गेला, म्हणून त्यांनाही दोष देववत नाही. मात्र त्या दिवशी सून पहिल्यांदा ठामपणे बोलली. "आई, मला मूल हवं आहे." विषय तिथेच मिटला. रक्तवाहिन्या बंद करून गाठी सुकवण्याचाही मार्ग आहे, पण पुढे मूल हवं असलेल्या बाईला तो सहसा सुचवत नाहीत, म्हणून त्यावर आम्ही वेळ घालवला नाही. नवऱ्याने गोवा सरकारच्या दीन दयाळ आरोग्य विमा योजनेच्या कार्डाची चौकशी आधीच करून ठेवली होती. हे त्याने फार शहाणपणाचं केलं, कारण मंजुरीचा कागद हातात असला की ऑपरेशनच्या सकाळी धावपळ होत नाही.

सहा आठवडे

७.१ हिमोग्लोबिनवर ठरवून करायच्या ऑपरेशनला घाई करायची नसते. शिरेतून लोह दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम, आणि पाळी थांबवायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या. पाळी तात्पुरती बंद करणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनंही असतात आणि त्यांनी गाठी आक्रसतात. सर्जनबाईंनी ती नको म्हटली. त्याने गाठ आणि भिंत यांच्यातली सीमारेषा पुसट होते, मग गाठ सुटता सुटत नाही. शिवाय बारक्या गाठी इतक्या बारीक होतात की हाताला लागत नाहीत, मागे राहतात आणि औषध थांबलं की पुन्हा वाढतात.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८ झालं. पापणी गुलाबी झाली. ती म्हणाली, मधल्या पायरीवर आता थांबत नाही.

ट्रेमधल्या गाठी

सर्जनबाईंनी मला आत उभं राहू दिलं. बिकिनीच्या रेषेवर नऊ सेंटिमीटरची आडवी चीर. १९०० साली फॅनेनस्टील या जर्मन डॉक्टरने रूढ केलेली हीच चीर सिझेरियनलाही घेतात. गर्भाशय बाहेर उचलून घेतलं तेव्हा ते एखाद्या वेड्यावाकड्या सुरणासारखं दिसत होतं. गर्भाशयाच्या मानेभोवती रबरी नळी आवळून रक्तपुरवठा रोखला आणि रक्तवाहिन्या आवळणारं व्हॅसोप्रेसिन पातळ करून गाठीवरच्या स्नायूत टोचलं. बघता बघता गुलाबी भिंत पांढरी पडली. भूलतज्ज्ञांची नजर त्या क्षणी फक्त मॉनिटरवर होती, कारण हे औषध चुकून शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात.

मोठी गाठ निघाली ती अखंड. घट्ट, पांढरी, कापल्यावर आत दोऱ्याच्या गुंड्यासारखी वळणं. तिच्याच जागेतून पोकळी उघडली आणि आतली दोन सेंटिमीटरची गाठही त्याच चिरेतून काढली, वेगळी चीर घ्यावी लागली नाही. मग एकेक करत आठ. मला वाटलं झालं. सर्जनबाईंनी हातमोज्यांवर सलाईन ओतून घेतलं, डोळे मिटल्यासारखे केले आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये भिंत हळूहळू चिमटत नेली, भाकरीचं पीठ मळताना राहिलेला खडा शोधावा तशी. "ही एक." वाटाण्याएवढी. आणखी दोन सापडल्या, त्यांतली एक मिरीच्या दाण्याएवढी. तिन्ही पोकळीच्या जवळ.

स्टीलच्या ट्रेमध्ये अकरा गाठी ओळीने मांडल्या. सोनोग्राफीने तीन सांगितल्या होत्या, एमआरआयने आठ.

शिवायला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आधी पोकळीलगतचा थर, मग जाड स्नायूचे दोन थर, शेवटी वरचं आवरण बारीक दोऱ्याने, कारण मागच्या भिंतीवरची उघडी जखम आतड्याला आणि बीजनलिकांना चिकटते आणि मग मूल राहायलाच अडचण होते. चटका जवळजवळ वापरलाच नाही. एकूण दोन तास. साडेचारशे मिलिलिटर रक्त गेलं, बाटली चढवावी लागली नाही.

नंतर

पहिले दोन दिवस कठीण गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. उठताना पोटावर उशी दाबून धरायची, खोकला आला की रडू यायचं. नणंद भेटायला आली तेव्हा हिच्या चेहऱ्यावरून तिला फरक कळला आणि तीच रात्रीची सोबत राहिली. तिसऱ्या दिवशी पेज आणि आमसुलाचं सार, चौथ्या दिवशी घरी. हिमोग्लोबिन ९.४. स्कूटरवर बसणं सहा आठवडे बंद. दुर्बिणीने झालं असतं तर यातले निम्मे दिवस वाचले असते, हे मी तिला आजही नाकारणार नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: अकराही साध्या फायब्रॉइडच्या, कॅन्सरचा मागमूस नाही.

ऑपरेशननंतरची दुसरी पाळी चार दिवस आली, दिवसाला तीन पॅड. तिने मला हा आकडा फोन करून सांगितला, मी न विचारता.

दिवस राहण्यासाठी सहा महिने थांबायला सांगितलं होतं. सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मागची भिंत नीट जुळलेली होती, पाणी किंवा रक्त साचलेलं नव्हतं. पुढे गाठी पुन्हा होऊ शकतात, हे तिला माहीत आहे.

डिस्चार्जच्या वेळी मी एकाच गोष्टीचा हट्ट धरला. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, ऑपरेशनची पूर्ण नोंद हवी. कुठली भिंत, किती चिरा, पोकळी उघडली की नाही, किती थरांत शिवलं. कारण दिवस राहिल्यावर रात्री-अपरात्री तिच्यासमोर जो डॉक्टर असेल, त्याला पोटावरची रेघ बघून आतलं काही कळणार नाही. सर्जनबाईंनी ती नोंद टाईप करून दिली आणि खाली हाताने लिहिलं: "पोकळी उघडली आहे. कळा सुरू होऊ देऊ नयेत. ३७ ते ३८ आठवड्यांत सिझेरियन."

तिने त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक तिच्या पर्समध्ये असते, एक नवऱ्याच्या स्कूटरच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि तिसरी पेडण्याला माहेरच्या कपाटात, आईच्या साड्यांखाली. आईला कागदावरचं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मागच्या बाजूला तिने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवलं आहे: पोटात दुखलं तर थांबू नका, हा कागद दाखवा.